मदत हवी आहे : सीजे थ्री बी जीपला मूळ पेट्रोल इंजिन परत बसवलं, क्लचचं लिंकेज सरळ बसत नाही (नागपूर)

नमस्कार मंडळी,

बाबांची जीप आहे, महिंद्राची सीजे थ्री बी, १९६६ सालची. काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे, तिथेच तिचं आयुष्य गेलं. पेट्रोल परवडेना म्हणून १९८४ च्या सुमारास बाबांनी तिला डिझेल इंजिन बसवून घेतलं. त्या काळात आपल्याकडे कितीतरी जीपांचं हेच झालं. पण मूळ हरिकेन इंजिन त्यांनी विकलं नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली, लाकडी ओंडक्यांवर ठेवलं होतं आणि दर पावसाळ्याआधी स्पार्क प्लगच्या भोकांतून त्यात तेल सोडायचे. मागच्या वर्षी बाबा गेले. ते इंजिन परत गाडीत बसवायचं, एवढं एकच मनात धरून मी कामाला लागलो.

इंजिन २१९९ सीसीचं एफ हेड आहे. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एग्झॉस्ट ब्लॉकमध्ये. त्याच्या उंचीमुळेच थ्री बीचं बॉनेट असं उंच. हिंगणा एमआयडीसीत एका ओळखीच्या लेथवाल्याकडे बोअर करून घेतलं, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं नवं टाकलं. इंजिन पहिल्या दिवशीच सुरू झालं आणि उत्तम चालतं. अडलंय ते क्लचपाशी.

पेडल पार तळाला टेकवलं तरी रिव्हर्स टाकताना खर्रर्र वाजतं. क्लच सोडवणाऱ्या फोर्ककडे जाणारी केबल ताणून घेतली की गिअर पडतो, पण मग पेडलला फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी चाल, उरत नाही, रिलीज बेअरिंग सारखं घूं घूं करतं आणि वर्कशॉपच्या रॅम्पवर चढवताना क्लच घसरतो. म्हणजे एक साधावं तर दुसरं जातं.

गाडीखाली पोतं टाकून झोपलो आणि नीट पाहिलं. ज्यांनी ही गाडी उघडलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो : पेडलचा रॉड एका आडव्या नळीला फिरवतो. नळीचं एक टोक चासीवरच्या ब्रॅकेटच्या बॉलवर, दुसरं बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) बाजूच्या बॉलवर. नळी फिरली की तिच्यावरचा दुसरा लिव्हर केबलने फोर्क ओढतो. ही नळी चासीला काटकोनात हवी. माझ्याकडे ती तिरकी आहे, डोळ्यांना दिसेल इतकी. ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा केल्या, गुण्या लावला. चासीकडचा बॉल असायला हवा त्यापेक्षा सात सूत (आठ सूत म्हणजे एक इंच) पुढे आणि चार सूत खाली आहे. रंग खरवडल्यावर खाली गॅस कटरच्या खुणा सापडल्या. डिझेल बसवताना त्या गॅरेजवाल्याने ब्रॅकेट कापून पुढे सरकवलं असणार.

एका मिस्त्रीने रॉड तापवून वाकवून देतो म्हणून सांगितलं. मला ते अजिबात पटत नाही. चूक ब्रॅकेटची आहे तर शिक्षा रॉडला का?

नागपूर, अमरावती, वर्धा कुठेही कोणाकडे हात न लागलेली थ्री बी असेल तर ब्रॅकेटचं माप मिळेल का? की दुसऱ्या कशावरून जागा ठरवता येते? (डिझेलची नोंद आरसी बुकात आहे. पेट्रोलची परत नोंद करण्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओत अर्ज केला आहे. तोवर गाडी रस्त्यावर काढत नाही, त्यामुळे त्या बाजूची काळजी नको.)

रानवाट :
भाऊ, रॉड वाकवू नका, तुमचं बरोबर आहे. वाकवलेला रॉड जोर पडला की लवतो. तेवढी पेडलची चाल तिथेच मुरते, फोर्कपर्यंत पोचतच नाही. तिरक्या नळीचंही तेच. लिव्हर एका रेषेत फिरतो, रॉड दुसऱ्या रेषेत जोर लावतो, अर्धा जोर बॉल झिजवण्यात जातो. आणखी एक पाहा : पेडल अर्ध्यात असताना लिव्हर आणि रॉड यांच्यात काटकोन असला पाहिजे. सुरुवातीलाच लिव्हर काटकोनाच्या पुढे निघून गेलेला असेल तर शेवटी, जिथे खरी गरज, तिथेच ओढ कमी पडते.

पण त्याआधी दोन गोष्टी तपासा. तुमचा गिअरबॉक्स टी ९० असेल तर पहिल्याला आणि रिव्हर्सला सिंक्रो (गिअरांचा वेग जुळवून देणारी कडी) नाही, घाई केली तर चांगल्या क्लचवरही वाजणारच. पेडल दाबून मनात चार आकडे मोजा, मग टाका. तरीही वाजला तर क्लच खरंच सुटत नाही. दुसरं, कोणाला तरी पेडल दाबायला बसवा आणि तुम्ही पंख्याकडे बघा.

धागाकर्ता :
चार काय, दहा आकडे मोजले. वाजतोच.

आणि पंख्याचं ऐकून बरं केलं. भाचा पेडल दाबत होता, मी रेडिएटरपाशी टॉर्च धरून बसलो. दर दाबाला पंखा रेडिएटरकडे दोन सूत पुढे येतो आणि सोडला की मागे जातो! अख्खं इंजिन फाउंडेशनच्या रबरांवर सरकतंय. रबरं तर नवी आहेत.

अमरावतीकर :
स्टे केबल आहे का? बेल हाउसिंगजवळच्या इंजिन प्लेटपासून मागच्या क्रॉस मेंबरपर्यंत एक जाड तारेची केबल असते, टोकाला नट. क्लच दाबताना इंजिन पुढे जाऊ नये म्हणून कंपनीने दिलेली. डिझेल बसवताना लोक ती काढून भंगारात टाकत, कारण नव्या इंजिनाला ती अडकवायला जागाच नसे. ती नसेल तर लिंकेज कितीही सरळ करा, पेडलची चाल इंजिन ढकलण्यातच जाईल.

दुसऱ्याच्या गाडीचं माप घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. साठ वर्षांत प्रत्येक चासी थोडी वेगळी बसली आहे. तुमच्या गाडीचं माप तुमच्याच गाडीत आहे. आधी फाउंडेशनचे बोल्ट पक्के करा, मग केबल लावा. केबल फक्त ढिली राहणार नाही इतकीच, ताणून इंजिन मागे ओढायचं नाही, नाहीतर सगळा थरथराट बॉडीत येईल. इंजिन असं जागेवर बसलं की बेल हाउसिंगच्या बॉलवरून काटकोन काढा. तिथे ब्रॅकेट वेल्डिंगच्या फक्त दोन टाक्यांवर धरा, पेडल पन्नास वेळा दाबून पाहा, मगच पूर्ण वेल्डिंग. बॅटरी सोडायला आणि पेट्रोलची लाइन बाजूला घ्यायला विसरू नका.

धागाकर्ता, नऊ दिवसांनी :
तुम्हा दोघांचे मनापासून आभार. केबल नव्हतीच. प्लेटला मात्र तिचं भोक शाबूत होतं, त्यात चाळीस वर्षांचं ग्रीस वाळून दगड झालेलं. लेथवाल्याने जाड वायर रोपला दोन्ही टोकांना आटे पाडलेल्या कांड्या दाबून केबल बनवून दिली. पंखा आता हलत नाही.

ब्रॅकेट कापून मागे घेतलं. पहिल्या टाक्याला अर्धा सूत चुकलं होतं, पेडल दाबताना नळी बॉलवर करकरत होती, म्हणून टाके फोडून परत धरलं. दुसऱ्यांदा आवाज थांबला. फोर्ककडच्या केबलचा चेकनट असा बसवलाय की पेडल बोटांनी दाबलं तर साधारण एक इंच मोकळं जातं, मग वजन लागतं. बेअरिंगची घूं घूं बंद. रॅम्पवर दोनदा चढवली, घसरली नाही. तीन आकडे मोजून रिव्हर्स टाकला, टक्‌ असा एकच आवाज आला.

एकच उरलंय : नळीच्या दोन्ही टोकांच्या सॉकेटमध्ये धूळ जाऊ नये म्हणून मूळ गाडीला काय लावलेलं असायचं? सध्या चामड्याची चकती कापून घातली आहे. बागेत मातीच मातीत चालायची आहे, म्हणून विचारतो.