गुळवेलीचा काढा आणि वाढलेलं एसजीपीटी : तातडीने माहिती हवी आहे

शेवंती_मिरज
आई रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेते. अंगाला खाज आणि भूक मेली म्हणून रक्त तपासलं, तर एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ३१०. डॉक्टर म्हणाले, काढा आधी बंद करा. मामा म्हणतो, गुळवेल काविळीवर देतात, तिने लिव्हर बिघडेलच कसं? आई मामाचंच ऐकते. गुळवेलीने लिव्हरला त्रास होतो याला खरंच पुरावा आहे का? लवकर सांगा, उद्या सकाळी ती परत काढा उकळणार आहे.

निवांत_काका
आईंचं वय? काढा कधीपासून आणि किती? ताजी वेल की पावडर? बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) किती आलं? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

रानवाट
कडुनिंबावर चढलेली गुळवेल मी कित्येक वर्षं घेतोय, एकदाही त्रास नाही. लोक कुठलीही वेल तोडून आणतात आणि नाव गुळवेलीचं खराब होतं. काढा बंद करू नका, वेल बदला.

शेवंती_मिरज
वय ५६. करोनाच्या वेळी सुरू केला, मध्ये बंद होता, दिवाळीपासून परत रोज. बोटभर खोड ठेचून पेलाभर पाण्यात. वेल शेजारच्यांच्या कुंपणावरची. बिलिरुबिन २.८.

जुनी_समई
ताई, आईंना रोज आवळ्याचा रस आणि मोड आलेले मूग द्या. आमच्याकडे सगळ्यांचं पित्त त्यानेच गेलं.

शेवंती_मिरज
पित्ताचं विचारलेलं नाही हो.

प्रयोगवही
पुरावा दोन्ही बाजूंना आहे. १९९३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांच्या गटाने पित्तनलिका अडून झालेल्या काविळीच्या ३० रुग्णांवरचा अभ्यास छापला. शस्त्रक्रियेआधी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत गुळवेल दिली. ज्यांना दिली नाही त्यांच्यातल्या निम्म्यांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला, गुळवेल घेणाऱ्यांत एकाच्याही नाही. मामा म्हणतात ते इथून आलं असेल, तर ते खोटं नाही. पण रुग्ण थोडे, रुग्णालयात देखरेखीखाली, ठरावीक दिवस, आणि आजार अगदी वेगळा. तिथे गुळवेल लिव्हर दुरुस्त करत नव्हती, जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती चेतवत होती.

दुसरी बाजू २०२१ ची. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले ६ रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधून असे ४३ रुग्ण छापले गेले. बऱ्याच जणांमध्ये ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी लक्षणं होती, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटलेली.

वैद्य_सह्याद्री
आयुष मंत्रालयाने २०२१ च्या लेखाला उत्तर दिलं होतं, तेही सांगा. रुग्णांनी खाल्लेली वनस्पती नक्की कुठली हे तपासलेलं नव्हतं. टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसायला जवळची वेल लिव्हरला घातक आहे. करोनात कोट्यवधी लोकांनी काढा प्यायला, त्यातले ४३. एवढ्यावरून गुळवेलीला आरोपी करणं अन्याय आहे.

प्रयोगवही
वेल ओळखण्याचा मुद्दा रास्त आहे. पण किती जणांनी प्यायली आणि किती जणांची तपासणी झाली, दोन्ही मोजलेलं नाही. तेव्हा ४३ वरून धोका मोठा ठरत नाही, तसा छोटाही ठरत नाही. आणि इथे प्रश्न कोट्यवधींचा नाही, ३१० एसजीपीटी असलेल्या एका बाईचा आहे.

हिरवी_कुंडी
थोडं अवांतर : गुळवेल कुंडीत येते का? फांदी लावली तर जगेल?

निवांत_काका
मूळ प्रश्न राहतोय. शेवंती, आईंना दुसरी कुठली औषधं चालू आहेत? थायरॉइड, साखर?

शेवंती_मिरज
थायरॉइडची गोळी बरीच वर्षं आहे, साखरेची गेल्या वर्षापासून. त्याचा इथे काय संबंध?

प्रयोगवही
आहे संबंध! थायरॉइड मंदावण्याचं एक नेहमीचं कारण ऑटोइम्यूनच असतं, आणि एक ऑटोइम्यून आजार असलेल्यांना दुसरा होण्याची शक्यता जास्त. अशा शरीरात प्रतिकारशक्ती आणखी चेतवणं नको. जो गुण १९९३ मध्ये उपयोगी पडला, तोच इथे उलटू शकतो. शिवाय गुळवेलीने साखर उतरू शकते, सोबत गोळी असेल तर साखरही तपासा. हिपॅटायटिस ए आणि ई, तसंच एएनए, आयजीजी (ऑटोइम्यून आजार शोधायच्या) या चाचण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. सगळं काढ्यावर ढकलून खरं कारण सुटायला नको.

वैद्य_सह्याद्री
माझं मत गुळवेलीबद्दल तेच आहे. पण एसजीपीटी एवढं असताना कुठलाही काढा चालू ठेवा असं मीही सांगणार नाही. रानवाट, वेल बदलून प्या हा सल्ला मागे घ्या.

रानवाट
माझा अनुभव सांगितला. वेल बदला म्हटलं तेव्हा थायरॉइडचं माहीत नव्हतं. थांबवा.

शेवंती_मिरज
मामाला फोनवर केईएमचं आणि थायरॉइडचं दोन्ही वाचून दाखवलं. डॉक्टर काय म्हणतात तोवर बंद ठेवू, इतपत तो आला. आई त्याच्याकडून ऐकल्यावर तयार झाली. उद्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे जातोय.

निवांत_काका
जाताना वेलीचा पानासकट तुकडा आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. डोळे पिवळे वाटले, लघवी गडद झाली किंवा आई असंबद्ध बोलायला लागल्या, तर उद्याची वाट बघू नका.