पॅच येईल म्हणे!

खडूस_खेळाडू
"पहिल्या दिवशी गेम अडखळला तर एवढी बोंबाबोंब कशाला? दुरुस्तीचा पॅच येतोच. हल्लीच्या पोरांना सगळं ताटात वाढून हवं." काल कुणीतरी हे लिहिलं आणि त्यावर धडाधड अंगठे पडले. माझं डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

पोर नाही मी. फ्लॉपीच्या काळापासून खेळतोय. मध्यंतरी एका गेमसाठी (नाव घेत नाही, चाहते अंगावर यायचे) सुट्टी टाकली. एकेचाळीस तास खेळलो. शेवटच्या किल्ल्याच्या दारात ऑटोसेव्हचं (खेळ आपोआप जतन व्हायचं) चक्र फिरायला लागलं, ते फिरतच राहिलं. बंद करून पुन्हा लावला तर माझ्या सेव्हच्या जागी राखाडी चौकोन आणि खाली "डेटा खराब". नऊ दिवसांनी पॅच आला. माझे एकेचाळीस तास काही त्यात नव्हते. पूर्ण पैसे मोजणाऱ्याला बिनपगारी टेस्टर करायचं आणि वर त्यालाच धीर धर म्हणायचं!

सेलची_वाट_बघतोय
काल ते मीच लिहिलं होतं. आजही तेच म्हणतो. नो मॅन्स स्काय ऑगस्ट 2016 मध्ये आला तेव्हा लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. मग वर्षानुवर्षं फुकट अपडेट मिळत गेले आणि तेच लोक आता गोडवे गातात. सायबरपंक गेमचंही तेच, 2023 च्या 2.0 अपडेटनंतर ओळखू येईना. गेम चिपवर पक्का कोरून यायचा त्या कार्ट्रिजच्या जमान्यात बग (चूक) राहिला की जन्माचा राहिला. अटारी कंपनीचा 1982 चा ई.टी. गेम आठवा, जेमतेम पाच आठवड्यांत उरकलेला. न खपलेला माल शेवटी न्यू मेक्सिकोत आलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरावा लागला.

खडूस_खेळाडू
पुरला ना? म्हणजे पुरण्याइतकी लाज तरी होती! सायबरपंक 10 डिसेंबर 2020 ला आला, आठवडाभरात सोनीने स्टोअरवरून उचलला, तो थेट जून 2021 मध्ये परत दिसला. 2.0 यायला पावणेतीन वर्षं. वरातीमागून घोडं कसलं, अख्खा तबेला आला. तोवर नवरा-नवरी संसाराला लागले.

शेडर_कंपाइल_होतोय
रिफंड घ्या म्हणणाऱ्यांसाठी आधीच सांगतो: स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचा नियम चौदा दिवस आणि दोन तासांच्या आतला खेळ. त्यातला अर्धा तास शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्यात जातो, तासभर मी माझ्या पात्राच्या नाकाची लांबी ठरवतो. पहिला शत्रू जमिनीतून आरपार पडेपर्यंत मुदत संपलेली. बाय द वे, टेस्टिंगवाले झोपा काढतात का?

बगबहाद्दर
नाही काढत. आठ वर्षं टेस्टिंगमध्ये घासली आहेत, जरा तोंड सांभाळून. असाच सेव्ह उडवणारा बग मी तीनदा नोंदवला. व्हिडिओ जोडला, कुठल्या दारात उभं राहून कुठलं बटण किती वेळा दाबायचं ते लिहिलं. उत्तर: "रिप्रोड्यूस होत नाही," म्हणजे आमच्याकडे तसं घडत नाही. चौथ्यांदा थेट "नोन शिपेबल"चा शिक्का. माहीत आहे, तरी जाऊ दे. तारीख जाहिरातीत छापून झाली होती. शेवटचे दोन महिने आमच्या आठवड्यात रविवार नव्हता. शिव्या घाला, पण पत्ता बघून घाला.

दोघांची_आई
तुमचे बग राहू द्या बाजूला. हे गेम मुळात मुलांची डोकी बिघडवतात, त्यावर कुणी बोलत नाही. माझ्या मोठ्याने गेल्या आठवड्यात कंट्रोलर भिंतीवर फेकला. गोळ्या झाडायच्या, माणसं मारायची, मग दुसरं काय होणार?

शेडर_कंपाइल_होतोय
आलं! काकू, 1993 मध्ये मॉर्टल कॉम्बॅट या मारामारीच्या गेमवरून अमेरिकन सिनेटात हीच रड झाली होती. त्यातून 1994 ला गेमवर वयाचे शिक्के आले. 2011 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हिंसक गेमच्या विक्रीवर बंधनं घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा 7-2 ने उडवला. 2019 च्या ऑक्सफर्डच्या अभ्यासातही हिंसक गेम आणि मुलांची आक्रमकता यांचा संबंध सापडला नाही.

दोघांची_आई
मी तुमची काकू नाही. आणि तुमचं कोर्ट माझ्या घरात राहायला येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला, तो काय गंमत म्हणून?

बगबहाद्दर
घेतलाय, 2019 मध्येच मंजूर झाला. पण त्यात ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, आणि हे साधारण बारा महिने चालणं अपेक्षित आहे. एकदा कंट्रोलर फेकला की आजार, असं नाही. बाकी लूट बॉक्सबद्दल (पैसे मोजून उघडायची, आत काय निघेल ते नशिबावर असलेली पेटी) बोललात तर मी तुमच्या बाजूने. बेल्जियमने 2018 मध्ये त्याला सरळ जुगार ठरवलं. पेटी उघडताना प्रकाश किती वेळ थरथरावा यावर तास तास मीटिंगा चालायच्या, मी बसलोय त्यात.

खडूस_खेळाडू
ताई, एक विचारतो. फेकला तेव्हा स्क्रीनवर काय होतं?

दोघांची_आई
मी कुठे बघत बसते? काहीतरी गोल गोल फिरत होतं. "तीन दिवस गेले, तीन दिवस गेले" म्हणून रडत होता.

शेडर_कंपाइल_होतोय
😂😂😂 ऑटोसेव्ह!

दोघांची_आई
हसा. म्हणजे फेकलं ते बरोबर? भिंतीला खड्डा पडलाय. तुम्ही येताय का लिंपायला?

खडूस_खेळाडू
बरोबर नाही. मी उशी फेकली होती, वय झालंय म्हणून. पण त्याला बंदुकीने बिघडवलं नाही हो, अर्धा कच्चा माल विकणाऱ्याने रडवलं. माझ्या वतीने एकदा पाठीवर हात फिरवा त्याच्या.

सेलची_वाट_बघतोय
बरं बाबा, सेव्ह उडणं हा गुन्हा, मान्य. तेवढंच हं. गवत हवेत तरंगतंय म्हणून रडणाऱ्यांना मी अजूनही रडेच म्हणणार. आणि खडूसराव, एवढं तत्त्वज्ञान सांगताय, तर पुढच्या भागाची प्री-ऑर्डर केली की नाही? खरं सांगा.

खडूस_खेळाडू
...केली. सोबत तलवार मिळते.