शब्दचर्चा : 'फाख' म्हणजे काय, आणि ऑपेरा गायकाने कोणतं लेबल लावावं?

कोमल धैवत
ऑपेरा गायकांच्या परिचयात 'लिरिक सोप्रानो', 'स्पिंतो टेनर', 'ड्रामॅटिक मेझो' असं लिहिलेलं असतं. सोप्रानो, मेझो, कॉन्ट्राल्टो हे बायकांचे उंचापासून खालपर्यंतचे आवाज; टेनर, बॅरिटोन हे पुरुषांचे; लिरिक म्हणजे मृदू, गोलाईचा आवाज. जर्मन नाटकगृहांत या वर्गवारीला 'फाख' म्हणतात. मराठीत 'पट्टी' म्हणावं, 'आवाजाची जात' म्हणावं की फाखच ठेवावं? आणि ते ठरतं कशावरून? वरचे स्वर लागले की सोप्रानो, इतकं सोपं आहे का?

तिसरी घंटा
'पट्टी' नको. पट्टी गायकाच्या सोयीने बदलते आणि बंदिश तीच राहते. ऑपेरात स्वर छापलेले असतात. एखादी आरिया, म्हणजे पात्राचं एकल गाणं, अर्ध्या स्वराने उतरवून घेतात, पण अख्खी भूमिका कुणासाठी उतरवत नाहीत.

फाख या जर्मन शब्दाचा साधा अर्थ कप्पा किंवा खण, आणि त्यावरून धंद्यातली शाखा. 'आवाजाची जात' जवळ जातं, पण ते गळ्याचं वर्णन झालं. फाख म्हणजे त्या गळ्याला देता येतील अशा भूमिकांची यादी. जर्मनीत कायम संचातल्या गायकाच्या करारात फाख नोंदलेलं असतं आणि त्याला कोणत्या भूमिका द्यायच्या ते त्यावरून ठरतं. त्यामुळे लेबल निवडणं म्हणजे 'मी हे गाईन, ते गाणार नाही' असं लिहून देणं. मी फाखच ठेवेन.

'सुब्रेट' घ्या. मुळात ते नाटकातल्या चतुर, चटपटीत दासीचं नाव. आवाजाचं नाव ते नंतर झालं. मोझार्टच्या ऑपेरांतल्या त्सेरलिना, डेस्पिना या त्या कप्प्यातल्या भूमिका. आवाज हलका, चेहरा तरुण, हालचाल चपळ. हे लेबल पहिली नोकरी चटकन मिळवून देतं, पण चाळिशीनंतर त्यावर काम मिळणं अवघड होतं. म्हणून सुब्रेट गाणारीने तिशीच्या आसपास लिरिकच्या भूमिका तयार करायला लागावं.

पडदा वर
नेहमी चुकणारे तीन शब्द आधी.

'ड्रामॅटिक'चं 'नाट्यमय' करू नका. अभिनयाशी त्याचा संबंध नाही. मोठ्या ऑर्केस्ट्रावरून आवाज पोचवण्याइतकं वजन असलेला गळा, इतकाच अर्थ. 'भारदस्त' चालेल.

'स्पिंतो' म्हणजे शब्दशः ढकललेला. लिरिक आवाज, जो ऐन कळसाच्या जागी ड्रामॅटिकच्या दिशेने रेटता येतो. शब्दाचा अर्थ कळला की विद्यार्थी ढकलायलाच लागतात आणि पुढचे बरेचसे घोटाळे तिथून सुरू होतात.

'कोलोरातुरा' म्हणजे उंच आवाज नव्हे. ती तानेची चपळाई आहे आणि ती कुठल्याही आवाजात असू शकते. रोसिनीने १८१६ साली 'सेव्हिलचा न्हावी'मधली रोझिना कॉन्ट्राल्टोसाठी लिहिली आणि ती तानांनी भरलेली आहे. पुढे सोप्रानोंनी ती उचलली, म्हणून गैरसमज पक्का झाला.

आता निवड. सर्वांत वरचा स्वर किती, हा पहिला प्रश्न नव्हे. आधी पासाज्जो शोधा, म्हणजे आवाज जिथे आपणहून कूस बदलायला बघतो ती जागा. मध्यम आवाजात 'आ'कारावर अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर जा, आणि वेगवेगळ्या दिवशी हे करून जागा लिहून ठेवा. पुरुषांत अशा दोन जागा असतात. (सी, डी, ई ही पाश्चात्त्य स्वरांची नावं; मधला सी म्हणजे पियानोच्या मधोमधचा.) लिरिक टेनरला साधारण मधल्या सीच्या लगतच्या वरचा डी आणि त्याच सप्तकातला जी. लिरिक बॅरिटोनला मधल्या सीच्या लगेच खालचा बी आणि वरचा ई. फरक जेमतेम दीड स्वराचा. वरचे स्वर न लागणारा प्रत्येक तरुण बॅरिटोन नसतो. कित्येकदा तो पासाज्जो न सुटलेला टेनर असतो. मेझोचंही तेच: वरचा भाग तयार नसलेल्या सोप्रानोला घाईने मेझो म्हणून टाकतात.

दुसरी कसोटी तेस्सितूराची. भूमिकेतले बहुतेक स्वर ज्या पट्ट्यात पडतात तो तेस्सितूरा. पल्ला म्हणजे एकदा हात लावून परत येणं, तेस्सितूरा म्हणजे तिथे राहायला जाणं. म्हणून आरिया गाऊन निर्णय घेऊ नका. अख्खा अंक, बोलल्यासारख्या गायच्या संवादाच्या जागा आणि समूहातले भाग धरून, सलग गा. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलण्याचा आवाज जड असेल, वरच्या भागात हळू गाता येत नसेल, तर भूमिका आज आपली नाही.

तिसरी घंटा
वजनाबद्दल थोडी भर. गडद आवाज म्हणजे मोठा आवाज नव्हे. ऑर्केस्ट्राची ताकद ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असते आणि पुढे उतरत जाते. पुरुष गायकाचा कमावलेला आवाज ३००० हर्ट्झच्या आसपास उठून दिसतो, म्हणून तो ऑर्केस्ट्राच्या वरून ऐकू येतो. स्वरयंत्र खाली दाबून आवाज काळा केला की खोलीत भरदार वाटतं, पण तीच धार जाते आणि सभागृहात आवाज मागे पडतो. गायक मग आणखी जोर लावतो. स्वरातला कंप (व्हिब्राटो), जो सेकंदाला पाच-सहा वेळा असायला हवा, तो मंद आणि रुंद होतो, स्वर उतरायला लागतो, आणि सगळ्यात आधी पियानिस्सिमो, म्हणजे अगदी हळू आवाजातलं गाणं, जातो. पियानिस्सिमो गेला की लेबल तपासून बघायचं, हे माझं मत.

कोमल धैवत
मग लेबल एकदा लावलं की बदलता येत नाही?

पडदा वर
येतं की. लाउरिट्स मेल्किओर १९१३ मध्ये बॅरिटोन म्हणून उभा राहिला, १९१८ मध्ये टेनर म्हणून पुन्हा, आणि पुढे वाग्नरच्या वीरनायकांचा टेनर झाला. इटालियन टेनर कार्लो बेर्गोन्झीही आधी बॅरिटोनच होता. मारिया कालासने जानेवारी १९४९ मध्ये व्हेनिसमध्ये वाग्नरच्या 'वाल्क्युरे'तली भारदस्त ब्र्युनहिल्डं आणि बेल्लिनीच्या 'पुरितानी'तली तानांची एल्व्हिरा काही दिवसांच्या अंतराने गायली. पण ते उदाहरण घेऊन कुणी चाचणीला (ऑडिशनला) जाऊ नये.

चाचणीत सहसा पाच आरिया नेतात. पहिली तुमच्या पसंतीची, पुढची परीक्षक मागतात. पाचही एकाच कप्प्यातल्या किंवा शेजारच्या कप्प्यातल्या हव्यात. भाषा आणि काळ मात्र वेगवेगळे. एकीच्या यादीत मोझार्टच्या 'जादूची बासरी'तली तानांची रात्रीची राणी आणि पुच्चिनीची भारदस्त तोस्का दोन्ही असतील, तर परीक्षकाला तिला कोणत्या भूमिकेसाठी घ्यावं तेच कळत नाही. शिवाय राणीचा तो वरचा एफ, हाय सीच्याही वरचा, रोज मिळतो का? आठवड्यातून एकदा मिळणारा स्वर यादीत धरू नये.

कोमल धैवत
आणि 'आल्टो' की 'कॉन्ट्राल्टो'? समूहगायनात आल्टो गाणारी स्वतःला काय म्हणेल?

तिसरी घंटा
आल्टो ही समूहगायनातली ओळ आहे, कॉन्ट्राल्टो हा एकल आवाज. आल्टोच्या रांगेत बहुतेक मेझोच असतात, आणि माणसं कमी पडली की वाचन पक्कं असलेल्या सोप्रानोही तिथे पाठवतात. परिचयात 'समूहगायनात आल्टो' असंच लिहावं. खरी कॉन्ट्राल्टो दुर्मीळ.

बरोक, म्हणजे साधारण १६०० ते १७५०च्या काळातल्या, संगीतातही जपून. तिथे वाद्यं जुळवायचा ए हा स्वर बहुधा ४१५ हर्ट्झचा धरतात, म्हणजे ४४०पेक्षा अर्धा स्वर खाली. तिथे निभावलेली भूमिका आधुनिक ऑर्केस्ट्राबरोबर अर्धा स्वर चढते, आणि पासाज्जोपाशी आवाज अडायला तेवढं पुरतं.

पडदा वर
तिशीच्या आतल्या गायकाने परिचयात नुसतं 'सोप्रानो' किंवा 'बॅरिटोन' लिहावं. कप्पा भूमिकांच्या यादीतून दिसू दे. त्या यादीत 'रंगमंचावर गायलेल्या', 'पूर्ण तयार' आणि 'अभ्यास चालू' असे तीन भाग वेगळे ठेवा; एक आरिया येते म्हणून भूमिका 'तयार' या भागात घालू नका. ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर फोन याच भागावरून येतो आणि संध्याकाळी अख्खी भूमिका गावी लागते.