मदत हवी आहे: बांबूच्या जुन्या फ्लाय रॉडचा (मासे धरायच्या काठीचा) जोड अडकलाय

मंडळी, जरा मदत हवीये. मी स्कॉटलंडमध्ये पर्थला असतो, टे नदीवर ट्राउट मासे धरायला जातो (लहानपणी दाभोळच्या खाडीत गरवायचो, खोड तीच). शेजारच्या म्हाताऱ्याने मला त्याचा स्प्लिट केन रॉड दिला, बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेला षटकोनी, आणि सोबत हार्डी या इंग्लिश कंपनीची परफेक्ट रील (दोरी गुंडाळायची चकरी), म्हणजे इंग्लंडमध्ये अ‍ॅनिकला बनलेली, हे मॉडेल 1891 चं, आत बॉल बेअरिंग आणि लाईन ओढली की जो कर्रर्र आवाज येतो ना, त्यासाठी तरी मी ती जन्मात विकणार नाही.

तर झालं काय, मागच्या रविवारी पावसात भिजल्यावर रॉड तसाच जोडलेला ठेवला (चूक माझीच), आता मधला धातूचा जोड, फेरूल, निघतच नाहीये. बायको एका टोकाला मी दुसऱ्या टोकाला, सरळ ओढून पाहिलं, हूं की चूं नाही. पिळायची हिंमत नाही, बांबू फाटेल. गरम पाणी ओतावं तर जुन्या रॉडला चिकटवायला सरस वापरलेला असतो, तो सुटेल ही भीती. नुसता बर्फ लावून आतला भाग आकसेल का? कोणी स्वतः केलंय का असं?