बाजार रविवारी, सुट्टी पण रविवारी. दुकानदाराच्या घरात सगळ्यांना मिळून एक दिवस कसा काढायचा?

माणदेशची_सून:

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे पण तालुक्याच्या गावात दुकान असलेल्या प्रत्येक घरात असेल असं वाटतं म्हणून इथं विचारते.

आम्ही सांगोल्यात राहतो. खाली किराणा भुसार दुकान, वर घर. दुकान सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मिस्टर आणि सासरे दोघं बसतात, हाताखाली एक पोरगा आहे. मी एका पतसंस्थेत काउंटरला आहे, सकाळी दहा ते साडेपाच. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. माझी आणि मुलांची सुट्टी रविवारी, आणि रविवारी आमच्या गावचा बाजार. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, सांगोल्याचा जनावरांचा बाजार लांबलांबून येणाऱ्या लोकांचा आहे, खिलार बैल, म्हशी, शेळ्या, सगळं. सकाळी जनावर विकलं की माणसाच्या हातात रोख पैसा असतो आणि तो घरी जाताना आठवड्याचा किराणा घेऊनच जातो. महूद, जवळा, कोळा, घेरडी, नाझरे सगळीकडची लोकं. त्यामुळं रविवारी सकाळी सातला शटर वर गेलं की रात्री साडेनवापर्यंत दुकानातल्या कुणाला पाणी प्यायला पण सवड नसते. मी पण त्या दिवशी खाली उतरते, वही मी बघते आणि सासूबाई पुड्या बांधून देतात. त्यांचे गुडघे दुखतात तरी शनिवारी रात्री अकरापर्यंत शेंगदाणे, डाळ, साखर, चहा पूड यांच्या अर्धा किलो पाव किलोच्या पुड्या करत बसलेल्या असतात.

बाकीचे सहा दिवस पण दुकान चालूच. वर्षातनं पाडव्याला अर्धा दिवस आणि कुणाच्या मयतीला बंद, एवढंच. आषाढीला तर आणखी गर्दी कारण पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या गावातनं जातात.

आता मिस्टरांना बीपीची गोळी चालू झालीय. वय चाळीसच्या आतच आहे. डॉक्टर म्हणाले झोप आणि विश्रांती, पण विश्रांती घेणार कधी? मी सासऱ्यांकडं विषय काढला की आठवड्यातनं एक दिवस बंद ठेवूया, तर ते म्हणतात दुकान बंद दिसलं की गिऱ्हाईक दुसऱ्याची पायरी चढतं आणि एकदा चढलेलं परत येत नाही. त्यांना मी खोटं पाडणार नाही, त्यांनी एका फळकुटावर मांडलेलं दुकान इथवर आणलंय. पण घरातल्या पाच जणांनी आणि सासूबाईंनी एका दिवशी एकत्र जेवायला बसावं एवढी तरी सोय व्हायला पाहिजे असं मनापासून वाटतं.

तर कुणी छोट्या गावात दुकान असून सुट्टी चालू केली आहे का? कुठला वार? गिऱ्हाईक तुटलं का? आणि मोठ्यांना कसं समजावलं?

आटपाडीकर_कापडवाला:

ताई, आमचा बाजार शनिवारी, शेळ्या मेंढ्यांचा. धंदा कापडाचा आहे त्यामुळं किराण्यासारखं रोजचं गिऱ्हाईक नाही, पण वार निवडायचं गणित तेच. बाजाराच्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी गाव एकदम रिकामं असतं, खेड्यातली लोकं आठवड्याचं घेऊन गेलेली असतात. आम्ही सोमवारी बंद ठेवतो. सुरुवातीला वडील कुरकुरले पण मी त्यांच्यापुढं तोंडानं बोललोच नाही, दोन महिन्यांचा गल्ला वारावार लिहून काढला आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला. सोमवारची विक्री बघून ते स्वतःच म्हणाले एवढ्यासाठी लाईट जाळायची कशाला. आता तर निम्मे पैसे स्कॅनरवरच येतात, त्यामुळं कुठल्या दिवशी किती आले ते मोबाईलमध्येच दिसतं, उधारी आणि रोख तेवढी वहीतनं घ्या. आमच्याकडं सलूनवाले सगळे मिळून सोमवारी बंद ठेवतात, आजवर कुणी म्हणालं का की सोमवारी कटिंग झाली नाही म्हणून दुसऱ्या गावाला गेलो? गावाला एकदा वार माहीत झाला की लोकं आपोआप त्याप्रमाणं येतात.

बार्शीचा_भुसारी:

मी साठी ओलांडलेला माणूस आहे, आडत आणि भुसार दोन्ही केलंय. सुनबाई, तुमच्या सासऱ्यांची भीती मला कळते, ती धंद्यातली खरी भीती आहे, तिला हसू नये. पण त्यांना एक आठवण करून द्या. १९४८ चा दुकाने आस्थापना कायदा होता तेव्हा तो जिथं लागू होता त्या गावात दुकान आठवड्यातनं एक दिवस बंद ठेवावंच लागायचं. आमच्याकडं दुकान निरीक्षक यायचा, बंदच्या दिवशी अर्धं शटर उघडं दिसलं तरी पावती फाडायचा. तेव्हा आम्ही सगळे बंद ठेवत होतो आणि सगळ्यांचे संसार झाले, कुणी उपाशी राहिलं नाही. २०१७ चा नवा कायदा आला आणि वर्षाचे सगळे दिवस दुकान उघडं ठेवायची मोकळीक मिळाली, फक्त कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यायची. छोट्या दुकानांना तर त्यातलं बहुतेक काही लागूच नाही, नुसतं कळवायचं. म्हणजे पूर्वी सरकार आपल्याला घरी बसवत होतं, आता कुणीच बसवत नाही, त्यामुळं घरातल्या माणसालाच ते ठरवावं लागतं.

बाजार समित्यांचं पण तसंच. लासलगावला अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची किती जुनी पद्धत होती, ती मोडून लिलाव सुरू केले. शेतकऱ्याच्या मालासाठी ते बरोबरच आहे, कांदा थांबत नाही. पण दुकानातली साखर एक दिवस थांबते की.

जत_मेडिकल:

मी मेडिकलवाल्याची बायको. वरच्या दोघांनी वार सांगितला, मी वेगळं सांगते. वर घर आणि खाली दुकान असेल तर सुट्टी घरात बसून होत नाही. आम्ही आधी दुपारी दोननंतर बंद असं ठेवलं होतं. शटर खाली असलं तरी लोकं खालनं हाका मारतात, "दादा एकच पाकीट द्या की ओ, पोराला ताप आहे", आणि औषधाला नाही म्हणता येत नाही. किराण्याला पण असंच असणार, पाहुणे आलेत, साखर संपली, तेलाची पिशवी द्या. एकदा शटर अर्धं उचललं की मागनं चार जण येतात आणि सुट्टी तिथंच संपते. म्हणून बंदच्या दिवशी घरातनं बाहेर पडायचं. लांब जायची गरज नाही. आम्ही दुपारी डबा घेऊन माझ्या नणंदेच्या मळ्यात जातो, पोरं विहिरीवर आणि आम्ही बाभळीखाली. तुमच्या सासूबाई त्यांच्या माहेरी शेवटच्या कधी गेल्यात ते विचारा त्यांना. आमच्याकडं सासूबाईंनीच सासऱ्यांना तयार केलं, आम्ही सुना बोलून काही होत नव्हतं.

आणि मिस्टरांच्या बीपीचं हलक्यात घेऊ नका. आमच्या काउंटरवर बीपीच्या गोळ्या घेणारे दुकानदार किती आहेत ते मी रोज बघते.

हायवेवरचा_किराणा:

मला हे पटत नाही, स्पष्ट बोलतो. आमच्या गावाला बायपासवर मार्ट झालाय, सकाळी नऊ ते रात्री दहा, बाराही महिने. एसी आहे, ट्रॉली आहे, एमआरपीच्या खाली भाव आहे. तरणी पोरं सगळी तिकडं जातात. अशात आपण दुकान बंद ठेवलं तर आपणच गिऱ्हाईक त्यांच्या दारात सोडून आल्यासारखं आहे. वहिनी, नोकरदार माणसाला सुट्टी असते कारण पगार चालू असतो. दुकानदाराचं तसं नाही. मी म्हणेन माणूस वाढवा, आणखी एक पोरगा ठेवा आणि घरच्यांनी आळीपाळीनं सुट्टी घ्या. दुकान बंद करू नका.

माणदेशची_सून:

सगळ्यांचे मनापासून आभार. हायवेवरचा किराणा दादा, तुमचं म्हणणं पण बरोबर आहे, मार्ट आमच्याकडं पण आलाय. पण एक सांगते. आमच्या तालुक्यात डाळिंब हे मुख्य पीक. २०२१ २०२२ च्या सुमाराला अवकाळी पाऊस, तेल्या रोग आणि वरनं ती खोडकिडा, शॉट होल बोरर म्हणतात ती, यांनी बागाच्या बागा गेल्या. लोकांनी झाडं मुळासकट काढून बांधावर पेटवली. २०२० च्या डिसेंबरात शंभरावी किसान रेल, म्हणजे शेतमाल नेणारी खास रेल्वे, आमच्याच सांगोल्यातनं निघाली होती, सगळ्या गावाला केवढा अभिमान वाटला होता, आणि त्यानंतर इतक्या लवकर हे बघायला लागलं. त्या वेळी आमची वही भरून वाहत होती. सासऱ्यांनी एकाला सुद्धा माल नाही असं म्हटलं नाही, बाग धरली की द्या म्हणाले. काहींचे पैसे अजून येतायत, पाचशे हजार करत, पण येतायत. ती लोकं मार्टला जात नाहीत ओ. जातील ती पगारवाली, आणि ती आम्ही सातही दिवस उघडं ठेवलं तरी जातायतच.

आळीपाळीनं सुट्टी आम्ही करून बघितली. मिस्टर वर झोपलेले असतात आणि खालनं पोरगा विचारतो मालक अमक्याची उधारी द्यायची का, की लगेच उठून खाली. उधारी कुणाला द्यायची हे पोरगा ठरवू शकत नाही, तिथंच सगळं अडतं.

सोमवारचं गणित पटलं, पण सोमवारी मला ऑफिस आणि मुलांना शाळा. मग बंद ठेवून मिस्टर एकटेच घरी बसणार.

पिग्मी_ते_पासबुक:

ताई मी पण पतसंस्थेतच आहे, शाखा बाजारपेठेत. तुमच्या संस्थेला रविवारी सुट्टी आहे याचंच मला नवल वाटतं. आमच्याकडं बाजाराच्या दिवशी शाखा चालू ठेवतात कारण खेड्यातला सभासद त्याच दिवशी गावात येतो, कर्जाचा हप्ता, दागिन्याचं तारण, पिग्मीचा भरणा सगळं त्याच दिवशी. मग दुसऱ्या दिवशी सुट्टी. तुमच्या मॅनेजर साहेबांना एकदा विचारून बघा, संचालक मंडळाच्या मीटिंगला विषय ठेवतात का. संस्थेचा पण फायदाच आहे. पण मुलांच्या शाळेचं त्यानं सुटत नाही हे खरं.

मग मला वाटतं शनिवार बघा. दुसऱ्या चौथ्या शनिवारी तुम्हाला सुट्टी आहे का? बँकांना २०१५ पासून आहे, बऱ्याच पतसंस्था तेच धरतात. मुलांची शनिवारी सकाळची शाळा, साडेअकरा बाराला घरी. म्हणजे दुपारी बारानंतर तुम्ही आणि मुलं मोकळी. अडचण फक्त दुकानाची, बाजाराची तयारी.

माणदेशची_सून:

हो हो, दुसरा चौथा शनिवार सुट्टी आहे आम्हाला! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं कारण शनिवार म्हणजे पुड्या बांधायचा दिवस असं डोक्यात पक्कं बसलंय. सोलापूरचा माल शुक्रवारी दुपारी येतो. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसातनं आल्यावर आणि मुलगी, आम्ही दोघी बसलो तर निम्म्या पुड्या होतील. शेंगदाणे आणि डाळी आधी करून ठेवता येतात, गूळ तेवढा आदल्या दिवशी फोडायला नको, पाणी सुटतं. तो रविवारी सकाळी सासरे स्वतःच फोडतात, त्यांना दुसऱ्यानं फोडलेला आवडत नाही.

जत मेडिकल ताई, सासूबाईंना विचारलं. मंगळवेढ्याजवळ माहेर आहे, भावाची ज्वारीची सुगी बघायला गेल्या नाहीत कित्येक वर्षं. मी विचारल्यावर काही बोलल्या नाहीत, पण रात्री सासऱ्यांना जेवायला वाढताना त्यांनीच विषय काढला, की सून म्हणतेय ते बघा जरा. सासरे म्हणाले महिन्यातनं एक शनिवार दुपारनंतर, बाजाराला धक्का लागता कामा नये. मी लगेच हो म्हटलं.

आटपाडीकर_कापडवाला:

एक दुपार मिळाली ना, घ्या. पुढचं पुढं. फक्त दिवाळीच्या तोंडावर सुरू करू नका, वसुबारसेच्या आधीचे पंधरा दिवस एक तास बंद ठेवलं तरी मोठ्यांना कायम लक्षात राहतं. दिवाळी झाली की तुळशीच्या लग्नानंतरचा शनिवार धरा. आणि महिनाभर आधीपासून प्रत्येक गिऱ्हाईकाला पुडी देताना तोंडानं सांगा, अमक्या तारखेला दुपारी बंद आहे. नुसता बोर्ड लावून कुणी वाचत नाही.

बार्शीचा_भुसारी:

आणि दुकानातल्या पोराचा त्या अर्ध्या दिवसाचा पगार कापू नका. सासऱ्यांना सांगायची गरज पडणार नाही म्हणा, जो माणूस बाग जळल्यावर उधारी देतो तो हे करणारच. पोराला आधी विचारा त्याला कुठला शनिवार सोयीचा आहे, त्याच्या घरी पण आई वडील असतील.