मदत हवी आहे: चाळिशीनंतर ऑटिझमचं निदान झालं, आपल्यासारखी माणसं कशी शोधायची?

निळी_शाई

नमस्कार.

मोठेपणी, चाळिशीच्या आगेमागे ऑटिझमचं निदान झालेलं इथे कुणी आहे का? किंवा कागदोपत्री निदान नसेल, पण स्वतःबद्दल खात्री पटलेली आहे असं कुणी? मला उपचारांचा सल्ला नको आहे, तो मिळतोय. मला माणसं हवी आहेत.

थोडी पार्श्वभूमी सांगते. बरीच वर्षं माझ्यावर चिंता आणि नैराश्याचे उपचार चालू होते. औषधांनी झोप सुधारली, पण चार माणसांत जाऊन आल्यावर जो थकवा यायचा त्यात काही फरक पडेना. मग नव्या समुपदेशकबाईंनी एकदा विचारलं, "फोन करण्याआधी तुम्ही काय करता?" मी सांगितलं की कागदावर पहिलं वाक्य लिहिते. समोरचा "हो" म्हणाला तर पुढे काय, "नंतर करा" म्हणाला तर काय, भलत्याच माणसाने फोन उचलला तर काय, हेही लिहिते. मग एकदा पुटपुटून बघते आणि नंबर लावते. बाईंनी विचारलं, "असं किती लोक करत असतील?" मी म्हटलं, "सगळेच." त्यांनी तिथेच पेन खाली ठेवलं आणि मूल्यांकनाचा विषय काढला.

मूल्यांकन बऱ्याच बैठका चाललं. आधी प्रश्नावल्या: एक ५० प्रश्नांची, एक ८० प्रश्नांची. त्यांच्या गुणांवरून निदान होत नाही, पुढे तपासायचं की नाही एवढंच कळतं. खरा वेळ लागला तो लहानपणाच्या चौकशीत. आईला विचारलं तर ती कौतुकाने म्हणाली, "हिचा कधी त्रासच नव्हता, एका जागी तासन्‌तास बसायची." शाळेच्या प्रगतिपुस्तकांत दरवर्षी "अभ्यासू, शांत, मैत्रिणींत मिसळत नाही" असा शेरा. त्या शांत मुलीचं काही बिनसलं असेल असं कुणाला वाटलं नाही. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकारांच्या निदानासाठीचं अमेरिकी मार्गदर्शक पुस्तक) स्पष्ट लिहिलं आहे की लक्षणं लहानपणापासून असतात, पण जगाच्या अपेक्षा झेपेनाशा होईपर्यंत ती पूर्ण दिसत नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जातात. तो परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला.

निदानानंतर आधी खूप हलकं वाटलं. मग राग आला. आता बराचसा एकटेपणा आहे. घरचे प्रेमळ आहेत, पण "तू तर किती छान बोलतेस" आणि "थोडेफार आम्हीही असेच" या दोन वाक्यांपुढे संभाषण जात नाही. ते छान बोलणं हीच माझी आयुष्यभराची मेहनत आहे. कुणाच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं, कुठे हसायचं, आपलं बोलणं कधी आवरायचं, हे सगळं मी आतल्या आत मोजत असते. हे मास्किंग उतरवून कुणाजवळ नुसतं बसता येईल का, हे मला बघायचं आहे.

आतापर्यंत दोन ठिकाणी गेले. एक गट ऑटिस्टिक मुलांच्या पालकांचा होता. माणसं चांगली, पण बोलणं सगळं मुलांच्या शाळा आणि थेरपीभोवती. ती मुलं मोठी होऊन माझ्या वयाची होतील, हा विषय काढला की खोलीत अवघडलेपण येई. दुसरा कार्यक्रम सभागृहात होता. माइक, टाळ्या, डोक्यावर भगभगीत ट्यूबलाइट आणि एकेकाने उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची. माझी पाळी येईपर्यंत आवाजच फुटेना. घरी आल्यावर पुढचे काही दिवस अंधाऱ्या खोलीत गेले.

म्हणून विचारते: प्रौढ ऑटिस्टिक माणसांनी स्वतःच चालवलेले गट तुम्हाला कसे सापडले? तिथे प्रत्यक्षात काय चालतं? आणि ज्यांना भेटण्याचाच त्रास होतो त्यांनी भेटायचं कसं?

मितभाषी

माझ्याकडे उत्तर नाही, फक्त हजेरी लावतो. वय पन्नाशीच्या पुढे, निदान नाही. तुमचा फोनचा परिच्छेद वाचून खुर्चीतून उठलो आणि फेऱ्या मारून आलो. मीही कागदावर लिहितो. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

अबोली

एक शंका. अधिकृत निदान नसेल तर अशा गटांत घेतात का? मूल्यांकन सगळ्यांना परवडत नाही, आणि मोठ्या माणसांचं करणारे तज्ज्ञही कमीच.

पाऊलवाट

ताई, उशिरा निदान झालेल्या काही जणांचा एक छोटा गट आम्ही चालवतो, त्या अनुभवावरून लिहिते. लांबेल, पण विषयच तसा आहे.

अबोली, आधी तुमचं. आमच्याकडे कागद मागत नाहीत आणि प्रौढांच्या अनेक गटांत मागत नाहीत. नोकरीत सवलत हवी असेल, कायद्याने काही मिळवायचं असेल तर कागद लागतो. गप्पांना कशाला लागावा?

आता निळी_शाई यांचा प्रश्न. तुम्ही ज्या सभागृहात गेलात तिथली रचनाच तुमच्यासाठी नव्हती, त्यावरून "मला माणसं झेपत नाहीत" असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. डेमियन मिल्टन या ब्रिटिश संशोधकाने २०१२ मध्ये दुहेरी सहानुभूतीची अडचण मांडली. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांचं म्हणणं असं की दोन वेगळ्या घडणीची माणसं बोलतात तेव्हा गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, पण दोष मात्र एकाच्याच पदरात पडतो. पुढे २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी गोष्ट पुढे सांगत न्यायची. सगळी ऑटिस्टिक माणसं असलेल्या साखळीत गोष्ट तेवढीच चांगली पोचली जेवढी सगळ्या बिगर-ऑटिस्टिक साखळीत. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. लहानपणापासून ऐकत आले की मला संवाद जमत नाही.

आमच्याकडे काय चालतं ते सांगते. विषय दोन दिवस आधी कळवतो, बैठक संपण्याची वेळसुद्धा. कॅमेरा बंद ठेवला तर कुणी विचारत नाही. लिहून बोललं तर ते बोलण्याइतकंच धरतात, आणि लिहिणाऱ्याचं लिहून होईपर्यंत बाकीचे थांबतात. ओळखीची फेरी नसते. मध्येच उठून जायचं तर कारण द्यावं लागत नाही, माफीही नाही. महिन्यातून एकदा नुसती शांत बैठक असते: कुणी विणतं, कुणी नकाशे बघतं, कुणी हिशेब करतं. एकत्र, पण आपापलं. नव्या माणसाला मी नेहमी याच बैठकीला आधी बोलावते.

प्रत्यक्ष भेटायचं झालं तर खुणेचे बिल्ले वापरतो. ही कल्पना आमची नाही. जिम सिंक्लेअर यांच्या पुढाकाराने १९९६ पासून ऑट्रीट नावाची शिबिरं भरत, ऑटिस्टिक माणसांनी ऑटिस्टिक माणसांसाठी भरवलेली, तिथून ती आली. लाल म्हणजे माझ्याशी बोलू नका. पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच बोला. हिरवा म्हणजे मला बोलायचं आहे, पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा. तो हिरवा बिल्ला मला फार आवडतो. दूर राहणारा प्रत्येक जण एकटं राहू इच्छितो असं नसतं, हे कुणीतरी नीट ओळखलं होतं.

गट शोधताना एकच गोष्ट आधी विचारा: निर्णय कोण घेतं? ऑटिस्टिक माणसं घेतात, की त्यांच्याबद्दल दुसरे कुणी? उत्तर गोलमोल आलं तर घाई करू नका. आणि आपल्या आवडीच्या विषयाच्या मंडळींतही बघा. रेल्वे, पक्षी, जुनी लिपी, भाषा, कोडिंग, काहीही असो. "ऑटिझम" असं कुठेही न लिहिलेल्या अशा ठिकाणी आपली माणसं पुष्कळ भेटतात, कारण तिथे सरळ विषयावर बोलता येतं.

एक सावधगिरी. पहिल्या उत्साहात रोज चार-चार तास गप्पा होतात आणि मग एकदम सगळं नकोसं होतं. गटातली माणसंही माणसंच, तिथेही थकवा येतो, मतभेद होतात. हळू घ्या.

निळी_शाई

पाऊलवाट, मनापासून आभार. मिश्र साखळीची गोष्ट मी आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे मी तुझ्याशी वेगळं बोलायला हवं होतं का?" एवढं आमचं या विषयावर कधीच झालं नव्हतं. मी तिला म्हटलं, आता बोलू.

मितभाषी, तुमची हरकत नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. लिहूनच बोलू, उत्तराची घाई नाही, आठवड्याने दिलंत तरी चालेल. पहिला विषय फोनचे कागद.

पाऊलवाट, शांत बैठकीला यायचं आहे. पण एक आधी माहीत असलं तर येणं सोपं जाईल. तिथे कुणाला अचानक रडू आलं, किंवा बोलता बोलता आवाजच बंद झाला, तर बाकीचे काय करतात?

पाऊलवाट

चौकशीचा भडिमार होत नाही. एक जण फक्त लिहितो: "थांबू का सोबत, की एकटं राहायचंय?" उत्तरादाखल १ किंवा २ एवढं टाइप केलं तरी पुरतं. तेही जमलं नाही तर ते २ समजतो, आणि दुसऱ्या दिवशी एक निरोप पाठवतो. त्याला उत्तर द्यावंच लागतं असं नाही. बैठकीची तारीख व्यनित कळवते.