रिॲक्टओएस अजून अल्फातच का? विंडोज एक्सपीच्या जागी टाकू का?

वर्कशॉपवाला: आमच्या मशीनचं पीसीआय कार्ड फक्त एक्सपीवर चालतं, ड्रायव्हर देणारी कंपनी केव्हाच बंद पडली आणि पीसी आता कधीही मान टाकेल असं वाटतंय. रिॲक्टओएस या विंडोजसारख्या ऑपरेटिंग सिस्टीमवर विंडोजचेच ड्रायव्हर चालतात म्हणे, तेही फुकटात. पण १९९६ पासून काम चालू आणि अजून अल्फा, म्हणजे कच्ची चाचणी आवृत्तीच? टाकू का नको?

कर्नलप्रेमी: चालू कामाच्या मशीनवर अजिबात नको. १९९६ ला फ्रीविन९५ नावाने विंडोज ९५ ची नक्कल करायला निघाले होते, ते चर्चेतच अडकलं, १९९८ मध्ये नाव बदलून विंडोज एनटीकडे (एक्सपी ज्यातून आलं ती शाखा) वळले, आता टार्गेट विंडोज सर्व्हर २००३ आहे. प्रोग्रामांसाठी निदान वाईनचे (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) बरेचसे डीएलएल, म्हणजे प्रोग्रामांना लागणाऱ्या सामायिक कोडच्या फाईली, आयते घेता येतात, पण वाईन लिनक्सवर चालतं, तिथे विंडोजचा हार्डवेअर ड्रायव्हर लोड करायचा प्रश्नच नसतो. इथे तुमची .sys फाईल, म्हणजे ड्रायव्हरच, थेट कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) बसते आणि काही ड्रायव्हर तर कर्नलच्या आतल्या स्ट्रक्चरमध्ये परस्पर हात घालतात, तिथे एखादं फील्ड चार बाइट जरी सरकलं की निळा स्क्रीन. आणि हे सगळं डॉक्युमेंटेशनमध्ये असतंच असं नाही हो!

जुनाडेव्ह: त्यात मायक्रोसॉफ्टचा कोड बघायचा नाही. २००४ मध्ये विंडोज २००० चा काही सोर्स लीक झाला होता, तो वाचलेल्या माणसाचा कोड घेणं म्हणजे कोर्टकेस ओढवून घेणं. २००६ मध्ये त्यांच्याच एका डेव्हलपरने काही कोड विंडोजची डिसअसेंब्ली (तयार प्रोग्राम उलगडून काढलेल्या मशीनच्या सूचना) बघून लिहिल्याचा आरोप केला, तेव्हा त्यांनी अख्ख्या कोडचं ऑडिट काढलं. एकाने विंडोजची वागणूक तपासून लिहून काढायची, दुसऱ्याने त्यावरून कोड लिहायचा, असं करायचं तर वेळ जाणारच, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. तुम्ही आधी एक्सपीच्या हार्डडिस्कची इमेज काढा, पीसीआय स्लॉटवाला जुना मदरबोर्ड मिळाला तर घेऊन ठेवा आणि त्या पीसीचं इंटरनेट काढून टाका.

वर्कशॉपवाला: इमेज आजच काढतो. एक जास्तीचं कार्ड पडून आहे, ते रिकाम्या पीसीत घालून रिॲक्टओएसवर ड्रायव्हर लोड होतो का बघू का?

कर्नलप्रेमी: जरूर बघा! असलं हार्डवेअर डेव्हलपर लोकांकडे नसतं. डीबग मोडमध्ये बूट करा, सिरियल पोर्टवरून लॉग घ्या आणि अडकलं तर कार्डाच्या नावासकट त्यांच्या जिरावर (बग नोंदवायच्या साइटवर) टाका, इथेही टाका.